बोटाचा ठसा, मनातला आकडा आणि नागपूरचे न्यायमूर्ती बोस

आपला मोबाइल दोन तऱ्हांनी उघडतो. एक तर बोट टेकवायचे, नाही तर चार-सहा आकडे टाकायचे. वापरणाऱ्याला दोन्हींत फारसा फरक वाटत नाही. फरक मात्र मोठा आहे. बोटाचा ठसा शरीरावर असतो. आपण झोपेत असलो, बेशुद्ध असलो तरी तो तिथेच असतो. आकडा मनात असतो आणि आपण सांगितल्याशिवाय तो बाहेर येत नाही. पोलिसांनी तपासात फोन ताब्यात घेतला, तर बोट टेकवायला लावणे आणि आकडा वदवून घेणे या दोन गोष्टी कायद्याने सारख्या मानायच्या का, हा प्रश्न आज आपल्या न्यायालयांपुढे आहे.

त्याच्या मागे आणखी मोठा प्रश्न आहे. आपल्या फोनमधले संदेश एन्क्रिप्शनने कुलूपबंद असतात. हे कुलूप पोलिसांना, सरकारला, कंपनीलाही सहज उघडत नाही. त्यामुळे अनेकांना त्याचा संशय येतो. ज्याला लपवायचे नाही त्याला कुलूप कशाला, असे ते विचारतात. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, माझा फोन माझा, त्याला कोणीही कधीही हात लावायचा नाही. या वादाची पाळेमुळे मोबाइलपेक्षा बरीच जुनी आहेत. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी दिलेल्या एका निकालापासून आपल्याकडे त्याची गोष्ट सुरू होते. त्या आठांपैकी एक होते नागपूरचे व्हिव्हियन बोस. कायद्याचे विद्यार्थी आणि न्यायवैद्यकशास्त्र शिकणारे डॉक्टर त्यांचे नाव अजून घेतात. त्यांच्या आयुष्याकडे पाहिले, तर कुलपाच्या वादात नेमके काय पणाला लागले आहे ते स्पष्ट होते.

बोस घराणे आणि नागपूर

बोस आडनाव बंगाली असले, तरी हे घराणे नागपूरकरांच्या ओळखीचे. व्हिव्हियन यांचे आजोबा सर बिपिन कृष्ण बोस हे इथले नामांकित वकील होते. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ सुरू झाले तेव्हा पहिले कुलगुरू तेच झाले. व्हिव्हियन यांचा जन्म ९ जून १८९१ रोजी अहमदाबादला झाला. शिक्षण इंग्लंडमध्ये, आधी डलविचला आणि मग केंब्रिजला. १९१३ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि वकिलीसाठी त्यांनी नागपूर निवडले.

पुढची जवळजवळ चार दशके त्यांचे काम याच गावात झाले. १९२४ ते १९३० या काळात ते विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. नंतर ते सरकारी वकील झाले. स्काउट चळवळीत त्यांनी मध्य प्रांतात बरीच वर्षे काम केले. १९३० मध्ये त्यांचा विवाह इरीन मॉट यांच्याशी झाला. इरीन अमेरिकन होत्या. त्यांचे वडील जॉन मॉट यांना पुढे १९४६ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. इरीन यांनी इथल्या एका खेड्यातल्या मुलावर ‘तोताराम’ नावाचे पुस्तकही लिहिले.

जानेवारी १९३६ मध्ये नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय स्थापन झाले आणि बोस तिथे न्यायाधीश झाले. १९४९ मध्ये ते मुख्य न्यायमूर्ती झाले आणि मार्च १९५१ मध्ये दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेले. सिव्हिल लाइन्समधल्या घुमटाच्या इमारतीत आज मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसते. बोस यांच्या काळात ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचे स्वतंत्र न्यायालय होते.

नुसता संशय पुरेसा नाही

बोस यांची ओळख पटते ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. भारत संरक्षण नियमांखाली पोलिसांना तेव्हा फार मोठे अधिकार मिळाले होते. एखादा माणूस युद्धकार्याला बाधक वागतो असा वाजवी संशय आला, की त्याला पकडून ठेवता येत असे. हा संशय वाजवी आहे की नाही हे कोणी ठरवायचे, असा प्रश्न विमलाबाई देशपांडे यांच्या अर्जाच्या निमित्ताने नागपूर उच्च न्यायालयापुढे आला. ज्या खंडपीठाने तो ऐकला, त्यावर बोस होते.

आम्हाला संशय आला एवढे पोलिसांनी म्हणून भागणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. संशयाला आधार काय होता, ते पोलिसांनी न्यायालयाला दाखवायला हवे. ते दाखवता आले नाही, तर माणूस सोडावा लागेल. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेले आणि १९४६ मध्ये तिथेही नागपूरचा निकाल कायम राहिला. युद्ध चालू असताना, परक्या सरकारच्या न्यायालयात बसून हे ठरवणे सोपे नव्हते.

१९४६ मध्येच भगवती चरण शुक्ल यांच्या खटल्यात बोस यांनी दुसरा एक मापदंड घालून दिला. छापलेला मजकूर धोकादायक आहे की नाही, हे भित्र्या आणि डळमळीत मनाच्या माणसाच्या नजरेने तपासायचे नाही. ते ठाम आणि धीट मनाच्या, विचारी माणसाच्या नजरेने तपासायचे. हा मापदंड आपली न्यायालये आजही वापरतात. भीती खरी असू शकते, पण घाबरलेल्या माणसाला मोजपट्टी हातात देऊ नये, असा त्याचा अर्थ.

संविधान सभेतली एक दुरुस्ती

याच सुमारास दिल्लीत संविधान लिहिले जात होते. पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क मूलभूत हक्कांच्या सुरुवातीच्या मसुद्यात आला होता. गुन्ह्यांच्या तपासाला अडचण होईल, अशी हरकत जाणत्या कायदेपंडितांनी घेतली आणि तो पुढे वगळला गेला. एन्क्रिप्शनविरुद्ध आज जो मुद्दा मांडला जातो, तोच तेव्हा पाकिटातल्या पत्राविरुद्ध मांडला गेला होता.

डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी एक दुरुस्ती मांडली. माणसाचे घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती होऊ नये आणि वॉरंट सबळ कारणावरच निघावे, अशी हमी संविधानात असावी, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेच्या राज्यघटनेत तशी तरतूद आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या दुरुस्तीला अनुकूलता दाखवली. फौजदारी प्रक्रिया संहितेत असे संरक्षण आधीच आहे, पण ते संविधानात आले तर कायदेमंडळाला सहज काढून टाकता येणार नाही, असा त्यांचा विचार होता. सभागृहात मात्र गोंधळ झाला, मतदान लांबणीवर पडले आणि शेवटी दुरुस्ती फेटाळली गेली.

चौतीस ठिकाणची झडती

ही रिकामी राहिलेली जागा सहाच वर्षांत बोस यांच्यापुढे आली. दालमिया-जैन एअरवेज ही कंपनी १९४६ मध्ये स्थापन झाली आणि १९५२ मध्ये गुंडाळली गेली. कंपनीच्या पैशांत मोठी अफरातफर झाल्याचा आरोप झाला. खरे हिशेब दडवून ठेवल्याचा संशय होता. दंडाधिकाऱ्यांच्या वॉरंटने ३४ ठिकाणी एकाच वेळी झडती घेण्याचा आदेश निघाला आणि कागदपत्रांचे ढीग जप्त झाले. संबंधितांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, असे संविधानाचे कलम २० सांगते. मग त्याचेच कागद जबरदस्तीने नेणे ही साक्षच नव्हे का, असा त्यांचा युक्तिवाद होता.

एम. पी. शर्मा विरुद्ध सतीश चंद्र या नावाने ओळखला जाणारा हा निकाल १५ मार्च १९५४ रोजी लागला. निकालपत्र न्यायमूर्ती जगन्नाथदास यांनी लिहिले. आठही न्यायमूर्तींचे एकमत होते. बोस यांनी वेगळे मत नोंदवले नाही. निकालात दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे साक्ष फक्त तोंडी नसते. आरोपीला स्वतःच्या हाताने पुरावा आणून द्यायला लावणे हीसुद्धा साक्षीची सक्ती ठरू शकते. झडतीत मात्र आरोपी काहीच करत नाही, पोलीस येऊन शोधतात, म्हणून झडती ही सक्ती नाही. दुसरी म्हणजे अमेरिकेसारखा खासगीपणाचा हक्क आपल्या संविधानकर्त्यांनी घातलेला नाही, तेव्हा न्यायालयानेही तो मागच्या दाराने आणू नये.

दुसरी गोष्ट पुढे सहा दशके सरकारी वकिलांच्या हाताशी राहिली. खासगीपणाचा विषय निघाला, की शर्मा खटल्याचा दाखला दिला जाई. पहिली गोष्ट त्या मानाने मागे पडली. आजच्या मोबाइलच्या वादात मात्र तीच जास्त उपयोगी आहे. पोलिसांनी स्वतः शोधणे आणि आरोपीकडून वदवून घेणे यांत तिने रेघ ओढली.

शरीर सांगते ते आणि मन सांगते ते

जून १९५६ मध्ये बोस निवृत्त झाले, पण काही काळ त्यांना पुन्हा न्यायासनावर बोलावण्यात आले. त्या काळात, मार्च १९५८ मध्ये त्यांनी विरसा सिंग खटल्याचा निकाल लिहिला. न्यायवैद्यकशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला तो अभ्यासावा लागतो. पोटात भाल्याचा एकच वार झाला होता, आतडी बाहेर आली होती आणि जखमी माणूस दुसऱ्या दिवशी दगावला. ठार मारायचा हेतू नव्हता, म्हणून हा खून नाही, असा बचाव होता.

बोस यांनी प्रश्नाचे दोन भाग केले. आरोपीला नेमकी ती जखम करायची होती का, हा मनाचा भाग. तो परिस्थितीवरून ताडायचा. ती जखम सर्वसाधारणपणे मृत्यू घडवायला पुरेशी होती का, हा शरीराचा भाग. तो शवविच्छेदन करणारा डॉक्टर सांगणार. आरोपीला वैद्यकशास्त्र माहीत होते की नाही याला तिथे महत्त्व नाही. मनात काय होते आणि शरीर काय दाखवते या दोन गोष्टी वेगळ्या तपासायच्या, ही या निकालाची शिकवण आहे.

हाच भेद पुढे पुराव्याच्या कायद्यात ठळक झाला. १९६१ मध्ये काथी कालू ओघड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी ठरवले, की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना घेणे म्हणजे आरोपीला साक्षीला उभे करणे नव्हे. ठसा जसा आहे तसाच राहतो; त्यातून आरोपी स्वतःला ठाऊक असलेले काही सांगत नाही. २०१० मध्ये सेल्वी खटल्यात न्यायालयाने रेषेची दुसरी बाजू दाखवली. नार्को चाचणी, पॉलिग्राफ किंवा मेंदूच्या लहरींची चाचणी कोणावरही त्याच्या संमतीशिवाय करता येणार नाही, कारण तिथे थेट मनात हात घातला जातो.

आता सुरुवातीचा प्रश्न पुन्हा घ्या. बोट टेकवणे हे ठशासारखे आहे, आकडा सांगणे हे मनातले सांगण्यासारखे. पण गंमत अशी, की दोन्ही किल्ल्या एकच दार उघडतात आणि आत एखादा कागद नसून सगळे आयुष्य असते. म्हणून न्यायालयांचीही मते जुळत नाहीत. पासवर्ड देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले. पुढच्याच वर्षी दिल्लीतल्या सीबीआय न्यायालयाने आरोपीला पासवर्ड सांगायची सक्ती करता येणार नाही, असे ठरवले.

बंद वह्यांची दुसरी बाजू

इथवर वाचून बोस हे खासगीपणाचे कैवारी वाटतील. पण निवृत्तीनंतरच्या कामात ते कुलपाच्या दुसऱ्या बाजूला उभे होते. १९५८ मध्ये मुंदडा प्रकरण गाजले. आयुर्विमा महामंडळाचा, म्हणजे सामान्य विमेदारांचा, पैसा एका उद्योगपतीच्या कंपन्यांत कसा गुंतवला गेला, याची चौकशी आधी न्यायमूर्ती छागला यांनी केली. नंतर अधिकाऱ्यांच्या वागणुकीची चौकशी बोस यांच्या मंडळाकडे आली. पाठोपाठ दालमिया-जैन समूहाच्या कंपन्यांचा चौकशी आयोगही त्यांच्याकडे आला. त्याचे आधीचे प्रमुख मुंबईचे न्यायमूर्ती तेंडोलकर यांचे निधन झाले होते. ज्या समूहातल्या एका कंपनीची झडती त्यांनी १९५४ मध्ये वैध ठरवली, त्याच समूहाच्या वह्या उलगडण्याचे काम आता त्यांना करायचे होते.

हे काम काही वर्षे चालले. एका कंपनीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत पैसा कसा फिरला, हे शोधायला दडलेले हिशेब बाहेर काढावे लागले. ते निघाले नसते, तर लहान भागधारकांचे काय झाले हे कोणालाच कळले नसते. बंद कुलपामागे चोरीही दडते, हे बोस यांनी असे जवळून पाहिले होते.

म्हणून त्यांच्या आयुष्यातल्या या दोन बाजू परस्परविरोधी नाहीत. नागपूरला त्यांनी पोलिसांकडे संशयाचा आधार मागितला. दिल्लीत वॉरंटने झालेली झडती मान्य केली. आयोगावर असताना कायद्याने दिलेल्या अधिकारात वह्या उघडल्या. तिन्ही ठिकाणी उघडणाऱ्याला कारण द्यावे लागत होते, कोणाचे आणि काय उघडायचे ते ठरलेले होते आणि त्याला जाब विचारणारे कोणी तरी होते.

आजचे कुलूप कसे चालते

बोस नागपूरला मुख्य न्यायमूर्ती झाले त्या १९४९ मध्ये अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांचा गुप्त संदेशांच्या गणितावरचा प्रसिद्ध निबंध छापून आला. आजच्या एन्क्रिप्शनचा तो एक पाया आहे. दुसरा पाया १९७६-७७ मध्ये घातला गेला. तोवर कुलूप लावायची आणि उघडायची किल्ली एकच असे, आणि ती आधी गुपचूप पोचवावी लागे. नव्या पद्धतीत किल्ल्या दोन झाल्या. रस्त्यावरच्या टपालपेटीत पत्र कोणीही टाकू शकतो, पण पेटी उघडायची किल्ली एकाकडेच असते, तशी ही रचना आहे.

व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये सर्व संदेशांना असे कुलूप लावले. संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर बंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवर उघडतो. मधल्या कंपनीच्या यंत्राला फक्त विस्कटलेली अक्षरे दिसतात. अशा कुलपांत सहसा वापरली जाणारी किल्ली १२८ बिटांची किंवा त्याहून मोठी असते. १२८ बिटांच्या किल्लीचे शक्य प्रकार ३४ वर ३७ शून्ये इतके होतात. एकेक करून पाहायचे म्हटले, तर जगातले सगळे संगणक लावूनही पुरणार नाहीत.

मग संशय येणारच. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. अफवा मोबाइलवरून पसरली होती. अफवा आधी कोणी सोडली हे पोलिसांना कळायला नको का, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो आणि तो खोटा नाही. २०२१ च्या नियमांत मोठ्या संदेशसेवांनी पहिला पाठवणारा शोधून द्यावा अशी अट आली. व्हॉट्सॲपने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली कुलूप उघडून देण्याचा आदेश सरकार देऊ शकते आणि तो न पाळणाऱ्याला सात वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. सप्टेंबर २०१५ मध्ये तर एन्क्रिप्शन धोरणाचा असा मसुदा आला होता, की नागरिकांनी आपले संदेश उघड्या स्वरूपात ९० दिवस जपून ठेवावेत. टीका होताच तो लगेच मागे घेतला गेला.

विज्ञानाची अडचण इथे आहे. घराची झडती घेताना एकच घर उघडते. वॉरंटवरचे नाव ज्याचे, त्याचेच दार ठोठावले जाते. संदेशांच्या कुलपात पोलिसांसाठी म्हणून मागचे दार ठेवले, तर ते सगळ्यांच्याच घरांना बसते आणि त्या दाराला समोर पोलीस आहे की चोर हे ओळखता येत नाही. ग्रीसमध्ये २००४-०५ मध्ये हेच घडले. कायदेशीर टॅपिंगसाठी मोबाइल कंपनीच्या यंत्रणेत असलेली सोय अज्ञात लोकांनी हातात घेतली आणि खुद्द पंतप्रधानांसह शंभरावर लोकांचे फोन अनेक महिने ऐकले.

राईनपाड्यानंतर कुलूप न मोडताही एक उपाय झालाच. आलेला संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा त्याच महिन्यात भारतात घातली गेली. शिवाय एन्क्रिप्शन मजकूर झाकते. कोण कोणाशी कधी बोलले याच्या सगळ्याच खुणा ते पुसत नाही. फोन वॉरंटने जप्त करता येतो, घेणाऱ्याच्या फोनवरचा संदेश तो स्वतः दाखवू शकतो. तपासाची दारे पूर्ण बंद नसतात. ती एकेक करून, कारण देऊन उघडावी लागतात आणि त्याला वेळ लागतो.

नागपूरचा दुसरा आणि तिसरा न्यायमूर्ती

खासगीपणाच्या कायद्यात नागपूरचे नाव पुन्हा येते. डिसेंबर १९६२ मध्ये खरक सिंग खटल्यात रात्री-अपरात्री पोलिसांनी घरी येऊन पाहणी करणे सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवले, पण खासगीपणाचा वेगळा हक्क बहुमताने मान्य केला नाही. त्या बहुमतात पूर्वी नागपूर उच्च न्यायालयात न्यायाधीश असलेले न्यायमूर्ती मुधोळकर होते. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. खासगीपणाबद्दल शर्मा आणि खरक सिंग निकालांत जे म्हटले होते, ते त्यांनी रद्द ठरवले. त्या नऊ जणांत नागपूरचे शरद बोबडे होते. करीमुद्दीन यांची दुरुस्ती फेटाळली गेली त्याला तेव्हा ६९ वर्षे होत आली होती.

या निकालाने हक्काला मर्यादाही घातली. सरकारला खासगीपणात शिरायचे असेल, तर त्यासाठी कायदा हवा, हेतू योग्य हवा आणि जेवढे आवश्यक तेवढेच शिरायला हवे. बोस यांचे नागपूरचे निकाल वाचलेल्याला यात फार नवे वाटणार नाही. संशयाला आधार दाखवा, ही त्यांची मागणी इथे संपूर्ण सरकारी यंत्रणेला लागू झाली. व्हिव्हियन बोस १९८३ मध्ये वारले. आपण सही केलेल्या १९५४ च्या निकालातला तो भाग रद्द झालेला त्यांनी पाहिला नाही.

आपल्या फोनपुरते

आरोग्याच्या बाबतीत हा विषय दूरचा नाही. रक्ताचे अहवाल, सोनोग्राफी, मानसोपचाराची चिठ्ठी आता फोनवरच येते. आयुष्मान भारत आरोग्य खात्याचा चौदा आकडी क्रमांक अनेकांनी काढला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला झाला. तिथली माहिती हल्लेखोरांनी आपल्याच कुलपात बंद केली आणि कित्येक दिवस कामकाज कागदावर चालवावे लागले. एन्क्रिप्शन चोराच्या हातातही जाते, हे खरे. पण रुग्णाची माहिती आधीच नीट कुलूपबंद असेल, तर चोराला ती निदान वाचता येत नाही.

तेव्हा तीन गोष्टी कराव्यात. चार आकड्यांऐवजी सहा आकडे ठेवावेत. चार आकड्यांचे प्रकार दहा हजारच होतात, सहांचे दहा लाख. ठसा सोयीचा आहे, पण तो एकदा चोरीला गेला तर बदलता येत नाही, हे लक्षात ठेवावे. आणि फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन वैद्यकीय माहितीची जागा असते. तिथे रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे आणि घरच्यांचा नंबर भरून ठेवावा. अपघात झाला, तर मेडिकल किंवा मेयोतला डॉक्टर फोन न उघडता तेवढेच पाहू शकतो. बाकीचा फोन बंदच राहतो. कोणाला, कशासाठी आणि किती दाखवायचे, हे इथे आपण आधीच ठरवून ठेवलेले असते.